बेनचे डोंगर

ज्या कामावर बेनचा जीव होता, त्याच कामाने त्यांना मळमळायचं. गेममधल्या जागा त्या स्वतःच्या हाताने रचत, आणि त्याच जागेत स्क्रीनवर थोडं चालून पाहिलं की तोंड धरून मोरीकडे धावत. डोळ्यांपुढचा रस्ता हलतोय आणि अंग खुर्चीत बसलेलं आहे, हे त्यांच्या डोक्याला काही पटत नसे. मग त्यांनी सुंठेची युक्ती काढली. तोंडात सुंठेचा तुकडा धरायचा आणि चालायला लागायचं. सुंठेची चव उतरली की कॉम्प्युटर बंद. समोर कितीही महत्त्वाचं काम असो, बंद म्हणजे बंद. पुण्याच्या कंपनीतले लोक फोनवर ताटकळत असले तरी बेन शांतपणे सांगत, "आता सुंठ संपली, आपण उद्या बोलू."

मी आज नाशिकला हेच काम करते. नकाशे बनवते म्हटलं की लोक तलाठी कार्यालयातले नकाशे समजतात. गेम खेळणारा माणूस ज्या डोंगरातून, गल्लीतून, ओढ्यातून पळतो ती सगळी जागा कुणीतरी बसून रचलेली असते. कुठे भिंत घालायची, भिंतीपलीकडचं काय दिसू द्यायचं आणि काय दडवायचं, माणसाला कुठे घाई वाटली पाहिजे आणि कुठे पाय रेंगाळले पाहिजेत, हे सगळं ठरवावं लागतं. त्या रचलेल्या जागेला आमच्यात नकाशा म्हणतात. हे काम कुठे शिकलात असं कुणी विचारलं तर मी शहाद्याला म्हणते, आणि पुढचा माणूस हमखास विषय बदलतो.

बेन तापीकाठच्या गुजर घरातल्या. घरची केळी, ऊस, थोडा कापूस. पुण्याला चित्रकलेचं शिक्षण घेऊन त्या तिथेच गेमच्या कंपनीत लागल्या आणि बरीच वर्षं राहिल्या. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा परत आल्या, वडील गेले तरी राहिल्या. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचं शहाद्यात घर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी घेतली आणि पुण्याचं काम तिथून करू लागल्या. भाऊ त्यांना बेन, म्हणजे बहीण, म्हणे, म्हणून वहिनी म्हणत, शेजारी म्हणत, मीही म्हणू लागले. घरात त्यांची आपसात गुजरी चाले. मी समोर असले की सगळे अहिराणीवर येत, आणि पुण्याचा फोन आला की बेन अशी स्वच्छ मराठी बोलत की वहिनी मुद्दाम जिन्यात उभ्या राहून ऐकत.

मी तेव्हा बसस्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत होते. वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात, माझी कॉम्प्युटरची पदविका झालेली, आणि काम काय तर लग्नाचे अल्बम करणं आणि पासपोर्टच्या फोटोतलं मागचं सगळं काढून तिथे निळा रंग भरणं. बेन फोटो काढायला आल्या. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, चेहरा आवडला नाही.

"मन्हा मांगलं सगळं पुसी टाकं तू," त्या म्हणाल्या. "तेच ते देखासारखं व्हतं."

त्यांच्या मागे स्टुडिओचा जुना पडदा होता, त्यावर रंगवलेला धबधबा आणि एक पायवाट. ती पायवाट कुठे जाते असं तुला वाटतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, धबधब्यामागे एखादी गुहा असेल. त्या खूश झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला एसटी स्टँडवर बोलावलं. ती माझी मुलाखत होती. आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो आणि त्या म्हणाल्या, आठे नवीन माणूस उना, त्याले धडगावनी गाडी धरनी शे, वाचता येत नही, तो कोठे जाई? मी म्हणाले, चौकशीच्या खिडकीकडे. मग त्यांनी मला तिथे दुपारपर्यंत उभं ठेवलं. चौकशीच्या खिडकीकडे कोणीच गेलं नाही. डोंगरात जाणारी माणसं आत शिरली की जरा थबकत, इकडेतिकडे बघत, आणि आपल्यासारखीच गाठोडी घेऊन जिथे माणसं बसली आहेत तिथे जाऊन बसत. फलाट कोणता, वर पाटी कोणती, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

"माणूस पाटीकडे नही जास," बेन म्हणाल्या. "उजेडकडे जास, पानीकडे जास, नहीते माणूसकडे जास."

एवढ्यावर मला नोकरी लागली. पुढे त्यांच्या नकाशात मी कधी हौसेने बाण किंवा फलक लावला की त्या तो काढायला लावत आणि म्हणत, पाटी लावी म्हंजे आपण हारनूत.

त्यांच्याबरोबर कुठे जाणं म्हणजे शिक्षा होती. कुठल्याही दारात त्या आधी थांबत. जागा काय म्हणते ते ऐकून घ्यायचं आणि मगच आत जायचं, असा त्यांचा रिवाज. लग्नाच्या मांडवात शिरताना त्या अशा थांबत की मागे वऱ्हाड तुंबे. एकदा तर नवरदेवच मागे अडकला होता आणि बँडवाल्यांना तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवावं लागलं. आठवड्याच्या बाजारात त्या भाजी घेत जात आणि अधूनमधून एकदम मागे वळून बघत. चोरासारखं काय बघता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, येताना दिसलेला बाजार वेगळा आणि जाताना दिसणारा वेगळा. गेममधला माणूस कधी कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून जागा दोन्हीकडून बघायची सवय हवी. आजही भाजी घेताना माझी मान मागे वळते. नवरा विचारतो कोण आहे म्हणून.

नकाशाचं पहिलं रूप त्या कणकेत करत. कॉम्प्युटरवर डोंगर लगेच उंच करता येतो, म्हणून तो खोटा होतो, असं त्यांचं म्हणणं. कणीक बोटांना विरोध करते. वहिनी सकाळी परातभर कणीक भिजवून ठेवत आणि बेन त्यातली निम्मी पळवून पाटावर दऱ्या, खिंडी, घाट करत बसत. मग खाली वाकून, गाल पाटाला टेकवून, एक डोळा मिटून त्या घाटातून बघत. वहिनी स्वयंपाकाच्या वेळी लाटणं घेऊन वर येत आणि म्हणत, बेन, डोंगर द्या. आम्ही कितीतरी घाट पोळ्या करून खाल्ले आहेत.

कणकेनंतर कॉम्प्युटरवर नुसती राखाडी ठोकळ्यांची रचना. झाड नाही, रंग नाही, आभाळसुद्धा नाही. पुण्याहून रंगाबद्दल विचारणा झाली की त्या फोन ठेवून मला म्हणत, पहिले हाडे, कपडा मांगून. त्या राखाडी जागेत फिरताना भीती वाटली पाहिजे किंवा बरं वाटलं पाहिजे. तिथे काहीच वाटलं नाही, तर वर कितीही सुंदर पाऊस पाडला तरी उपयोग नाही. असे राखाडी ठोकळे आम्ही महिना महिना हलवत बसत असू.

भावाला यातलं काही कळत नसे, आणि कळून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती. माणूस मायाळू होता. बेनचं औषधपाणी, गाडी, वरच्या खोलीतला पंखा, सगळं न सांगता बघायचा. पण गेम म्हणजे पोरांचं डोकं फिरवणारी वस्तू, एवढंच त्याला ठाऊक. बहीण इतकी शिकली आणि खेळणी बनवत बसली, याची सल होती. एकदा केळीची गाडी भरून आला होता, दमलेला होता, तेव्हा जिन्यातूनच म्हणाला, "बेन, लोके इचारतस, तुन्ही बहीण काय करस? मी काय सांगू त्यासले?"

बेन म्हणाल्या, सांग, कॉम्प्युटरनं काम शे. तो बरं म्हणून खाली गेला. त्या दिवशी बेननी सुंठ चघळली नाही आणि कामही केलं नाही. खिडकीशी बसून होत्या.

मग डोंगरातल्या एका गावाच्या नकाशाचं काम आलं. कंपनीचा मोठा गेम होता. खेळणाऱ्यांनी दोन टोळ्या करायच्या आणि एकमेकांना शोधून गोळ्या घालायच्या. त्यात एक आदिवासी गाव हवं होतं. नमुन्यादाखल चित्रं आली, त्यात झोपड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मधोमध विहीर. बेन म्हणाल्या, हे गाव कोणी पाहिलं आहे का? आणि आम्ही धडगावला निघालो.

जीपमध्ये माणसं कोंबलेली, घाटाची वळणं, आणि बेनना तर स्क्रीनवरचा रस्तासुद्धा सोसत नाही. ड्रायव्हरला त्यांच्यासाठी वाटेत पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. गाडीतल्या बायकांनी त्यांना चिंच दिली, खिडकीची जागा दिली. धडगावच्या पुढे एका पाड्यावर आम्ही उतरलो तेव्हा त्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या, पण दारात थांबतात तशा तिथेही थांबल्या, आणि त्यांच्या तोंडावर रंग आला. समोर घरं होती, पण गाव नव्हतं. एक घर या टेकाडावर, आपल्या शेतात. दुसरं समोरच्या उतारावर. तिसरं ओढ्यापलीकडे. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात पोचेल, एवढं अंतर.

एका अंगणात एक बाई कैऱ्या सोलून आमचुरासाठी वाळत घालत होती. घरी पावरी बोलणारी, पण आश्रमशाळेत शिकलेली असल्याने मराठी नीट येत होती. तिने पाणी दिलं, बसायला खाट ओढली. आम्ही काय करायला आलो ते बेननी समजावून सांगितलं, असं गाव आम्ही कॉम्प्युटरात बांधणार आहोत म्हणून. बाईने सोलता सोलता ऐकून घेतलं.

"मग त्या घरांत राहणार कोण?" तिने विचारलं.

बेन म्हणाल्या, कोणी नाही. तिथे लोक फक्त पळापळीचा खेळ खेळतील.

"कोणी राहणार नाही, तर घरं कशाला बांधता?" बाईने अगदी साधेपणाने विचारलं आणि पुढची कैरी घेतली.

परतीच्या वाटेवर बेनना एकदाही उलटी झाली नाही. घरी येऊन त्यांनी चित्रांवरून आधी मांडलेले सगळे ठोकळे पुसून टाकले. नवीन नकाशात प्रत्येक घराला त्यांनी चूल दिली आणि चुलीचा धूर दिला. कोणी दिसणार नाही, पण कुठल्याही घरातून दुसऱ्या एका तरी घराचा धूर दिसला पाहिजे. या टेकाडावरून त्या टेकाडाला आपण एकटे नाही हे कळलं पाहिजे.

पहिला प्रयत्न साफ फसला. पुण्यात चाचणीसाठी बसवलेली मुलं उघड्या उतारांवर पटापट मरू लागली. लपायला भिंत नाही, हा नकाशा कोणी गाढवाने केला, असं त्यांनी लिहून पाठवलं. बेननी ते सगळं मला मोठ्याने वाचायला लावलं, गाढवासकट. मी चिडले होते. त्या म्हणाल्या, त्यासनं खरं शे. आठ-पंधरा दिवस त्या नुसतीच कणीक मळत होत्या. मग त्यांना आठवलं की पाड्यावर एका घरून दुसऱ्या घरी जाताना आपण सरळ गेलोच नव्हतो; कोरड्या ओढ्यात उतरलो होतो, त्याच्या पोटातून चाललो होतो आणि पलीकडे चढलो होतो. ओढ्यात असताना घरं दिसत नव्हती. वर आल्यावर एकदम सगळी दिसली होती. नकाशाला लपायची जागा मिळाली आणि जीवही मिळाला. त्या संध्याकाळी वहिनींना पहिल्यांदा पूर्ण कणीक परत मिळाली.

आणि ऐन त्याच वेळी बेन पडल्या. सकाळी अंथरुणातून उठल्या तर खोली गरगर फिरत होती. कपाट धरायला गेल्या आणि कपाटासकट कोसळल्या. भावाने नाशिकला नेलं. दुखणं कानाच्या आतलं निघालं, तोल सांभाळणाऱ्या भागातलं. डॉक्टरांनी सांगितलं, मान स्थिर ठेवा, हलती स्क्रीन बघायची नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही. कदाचित कायमचंच.

भावाने मला बाजूला घेतलं आणि पुण्याला कळवून टाक म्हणाला, कंपनीने आता दुसरं कोणी शोधावं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो चुकीचं सांगत नव्हता. मी वर गेले. बेन भिंतीलगतच्या खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी मला फक्त कॉम्प्युटर सुरू करायला सांगितलं आणि स्वतः डोळे उघडले नाहीत.

"तू चाल," त्या म्हणाल्या. "मी ऐकस."

अशी आमची ती विचित्र पायपीट सुरू झाली. मी स्क्रीनवरच्या डोंगरात रंग आणि ऊन भरत चालायचे आणि सांगायचे, त्या खाटेवर पडून ऐकायच्या. सुरुवातीला मी मोजमापं सांगत होते, ओढा इतका खोल, चढ इतका उभा. त्यांनी हात हलवला. आकडा नको सांगू, डर लागस का तठे ते सांग. मला बोलताच येईना. जागेबद्दल कसं बोलतात ते मला ठाऊक नव्हतं. हळूहळू जमू लागलं. इथे अंधारून येतं. इथे पाठीमागे कोणीतरी असावं असं वाटतं. इथे वळण घेतल्यावर छाती मोकळी होते. त्या म्हणत, तो खडक जरा डावीकडे ने. मी नेत असे. आता? आता भीती कमी झाली. मंग परत आण.

शेवटच्या घराच्या अलीकडे, चढ संपतो तिथे, एक सपाट दगड होता. एका दुपारी मी तिथे पोचले आणि बोलायची थांबले.

"काय व्हयनं?" बेननी विचारलं.

मी म्हणाले, इथून पुढे जावंसं वाटत नाही. समोरच्या डोंगरावर दोन घरांचे धूर दिसताहेत, दरीत ऊन उतरतंय. नुसतं बसावंसं वाटतं.

त्या म्हणाल्या, "तुले खरंच तसं वाटस, का मन्हासाठी सांगी ऱ्हायनी?"

मी म्हणाले, "खरंच वाटतं, बेन."

त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायलाही त्यांना मान हलवता येत नव्हती, मीच पुसलं. त्या दगडाला आता हात लावू नको, एवढंच त्यांनी सांगितलं.

नकाशा पुण्याला गेला. तिथले साहेब पूर्वी बेनच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी आदबीने कळवलं की नकाशा उत्तम आहे, पण धुरामुळे जुने मोबाइल मंद चालतात, तेव्हा धूर काढू. आणि त्या दगडापाशी काहीच मिळत नाही, ना गोळ्या ना औषध, तेव्हा तो चढही काढू. बेननी मला फोन कानाला लावायला सांगितला. त्या अगदी हळू, स्वच्छ मराठीत बोलल्या. म्हणाल्या, काढायला माझी हरकत नाही, नकाशा तुमचा आहे. फक्त काढण्याआधी एकदा एकटे जा, बंदूक न घेता जा आणि त्या दगडापर्यंत चालत जा. साहेब बरं म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. एका बाजूची बरीच घरं त्यांनी कमी केली होती, त्याला इलाज नव्हता. पण धूर ठेवला होता आणि दगडही. मी तिथे चहा प्यायलो, असं ते म्हणाले.

गेम काही वर्षं चालला. त्या नकाशाला खूप नाव झालं असं नाही. पण कोणीतरी लिहिलं होतं की सामना संपला की मी थोडा वेळ त्या दगडावर बसून घेतो. ते बेननी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांची चक्कर पुष्कळ कमी झाली होती, त्या बाजारात जाऊ लागल्या, दारात थांबू लागल्या. हलती स्क्रीन मात्र परत कधी सोसली नाही. आपला तो डोंगर रंगासह, उन्हासह कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

आणि एक दिवस कंपनीने जाहीर केलं की गेम बंद होतोय. असा गेम बंद होतो म्हणजे त्याच्या जागाही जातात. मग तिथे कोणालाच जाता येत नाही. मी फार त्रागा केला. बेननी केला नाही. वहिनींनी मात्र जेवताना ही गोष्ट भावाच्या कानावर घातली असावी. कारण गेम बंद व्हायच्या आदल्या दुपारी तो शेतातून आला, हातपाय धुतले आणि वर आला. इतक्या वर्षांत तो त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पंखा, औषधपाणी, नाहीतर बेनचं दुखणं, यापलीकडे कधी आला नव्हता. जरा अवघडून उभा राहिला आणि मला म्हणाला, तो खेळ दखाड माले.

मी त्याला खुर्चीत बसवलं. बेन खाटेवर जाऊन भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून घेतले. मी नकाशा असा उघडला की त्यात दुसरं कोणी नसेल, कोणी गोळ्या घालणार नाही. भावाचा हात माउसवर जड पडला. आधी तो नुसती जमीन बघत राहिला, मग एकदम आभाळ. ट्रॅक्टर चालवणारा हात, त्याला इतकं हलकं हलवायची सवय नव्हती. हळूहळू जमलं. तो ओढ्यात उतरला. चढाला लागला तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीत पुढे झुकला, खरंच चढतोय असा. मी त्याला कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. वर आला, आणि माउसचा आवाज थांबला.

"थांबना का तो?" बेननी हळूच विचारलं.

मी म्हणाले, हो.

"कोठे?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, बाकी काही विचारलं नाही. भाऊ पाठमोरा बसला होता. समोरच्या डोंगरावरचे धूर त्याच्या चष्म्यात दिसत असतील, मला इथून दिसत नव्हते. खालून ताटं वाढल्याचा आवाज आला. वहिनींनी हाक मारली, मग पुन्हा मारली, आणि शेवटी वरण निवतंय म्हणून जिना चढून अर्ध्यावर आल्या.

"थांब वं जरा," भाऊ मान न वळवता म्हणाला. "मी आते डोंगरवर शे."

वहिनी जिन्यातच थांबल्या. बेन डोळे मिटून हसत होत्या, आणि त्या दिवशी जेवायला कोणी लवकर खाली गेलं नाही.